इस्माईलचा पिस्टन आणि मुरुडची वाळू

रजेच्या अर्जात मी ‘समुद्रकिनारी हवापालट’ असं लिहिलं आणि हेडमास्तरांनी ते मुकाट्याने मान्य केलं. मी शाळेत ड्रॉइंग शिकवतो, वजनाने किरकोळ आहे, सर्दी मला बारमाही असते. तेव्हा हवापालट कुणालाही पटावा. खरं कारण लिहिलं असतं तर रजा सोडाच, नोकरी राहिली असती की नाही देव जाणे. खरं कारण असं होतं की मला माझी मोटारसायकल नागावच्या वाळूवर अर्धा मैल पंचवीस सेकंदांच्या आत पळवायची होती.

मोटारसायकलचा नाद ज्यांना नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, पण माझा आग्रह आहे की सोडू नये. माझी गाडी विलायती, एका सिलिंडरची, व्हाल्व्ह डोक्यावर असलेली. अपघातात मोडलेली म्हणून मला परवडली. आमच्या चाळीच्या गॅलरीत दोन वर्षं बसून मी ती जोडली, आणि तेवढी दोन वर्षं शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. अमेरिकन दोन सिलिंडरच्या धिप्पाड गाड्या ज्यांना आवडतात त्यांच्याशी मी भांडत नाही; सरदारांनी हत्तीवर बसावं, मला तट्टू पुरे. पण पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या गाड्यांची अजून तारीफ करणारे जे लोक आहेत त्यांच्याशी मात्र मी जरूर भांडतो. पट्टा ओला झाला की घसरतो, कोरडा पडला की तुटतो. साखळी ती साखळी.

तर या गाडीचा मूळ पिस्टन ओरखडलेला होता. नवा विलायतेहून मागवायचा तर दोन-अडीच महिने वाट पाहा आणि माझा दीड महिन्याचा पगार मोजा. तेव्हा भेटला इस्माईल. मुरुडचा पोरगा, वयाच्या पंधराव्या वर्षापासून माझगावात एका ओतारखान्यात कामाला, आता वय सत्तावीस. त्याने माझं इंजिन पाहिलं आणि म्हणाला, “मास्तर, तुमी ह्याचा नकशा काढून द्या. मी वततो.” मी नकाशा काढला. मोडक्या मोटारींच्या इंजिनांची अ‍ॅल्युमिनियमची खोकी वितळवून, वाळूच्या साच्यात त्याने पिस्टन ओतला. पहिले तीन फुटले. चौथा बसला, आणि चार महिने शहरातल्या रस्त्यांवर बिनतक्रार चालला. रिंगा विलायती आहेत हे प्रामाणिकपणे सांगतो. बाकी सगळा माल आणि मेहनत इथली.

मोटारीच्या सामानाचे व्यापारी कल्याणजीशेठ यांच्याकडे आम्ही तो घेऊन गेलो. शेठना नादी माणूस म्हणायचं की व्यापारी, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांनी पिस्टन नखाने वाजवून पाहिला आणि म्हणाले, “रस्त्यात तर मातीचा पण चालेल. पूर्ण जोरात पळवून दाखवा. अर्धा मैल, पंचवीस सेकंद, माझ्या घड्याळावर, आणि नंतर पिस्टन साबूत पाहिजे. तर इस्माईलला माझ्या गोदामामागची शेड देतो, भट्टी बांधून देतो. नही तो आपण फक्त दोस्त.” शहरात एवढ्या वेगाने धावायला मोकळी जागा नाही, म्हणून नागावची वाळू ठरली. शेठना सवड रविवारची, म्हणून रविवार ठरला.

एक गोष्ट मी इस्माईलला सांगितली नव्हती आणि वाचकांना आत्ताच सांगून टाकतो. निघायच्या आदल्या दिवशी मी एका ओळखीच्या दुकानातून विलायती पिस्टन उसना आणला आणि फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत तळाशी ठेवला. वाटेत काही झालंच तर परत यायला हवं, असं मी मनाला समजावलं. मन समजलं, पण लाज वाटायची ती वाटलीच.

शनिवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून आम्ही तिघं रेवसच्या बोटीत चढलो. मोटारसायकल चढवायला दोन हमाल पुरतात. हात लावू द्यायच्या आधी पेट्रोल काढून टाका, नाहीतर बोटवाला भांडतो आणि त्याचं बरोबर असतं. शेठची गाडी मात्र सहाजणांनी उचलली. ही गाडी म्हणजे पाहण्यासारखी चीज. पुढे दोन चाकं, मागे एकच, आणि इंजिन नाकाच्याही पुढे उघडं, ऊन खात बसलेलं. मोटार म्हणावी तर एक चाक कमी, मोटारसायकल म्हणावी तर एक जास्त. माझं मत विचाराल तर वळणावर या गाडीइतकी मजा कशातच नाही आणि पंक्चर मागच्या चाकाला झालं तर इतकी पंचाईतही कशातच नाही. सबंध गाडी आडवी केल्याशिवाय ते चाक बाहेर येत नाही. शेठना हे सांगितलं की ते म्हणतात, “लग्न करताना कोण सासूचा विचार करतो?”

रेवस ते अलिबाग रस्ता खडीचा, मधूनमधून फुटलेला, पण जाण्याजोगा. पेट्रोलचा डबा अलिबागेतच भरून घ्या, पुढे भरवसा नाही. अलिबाग सोडलं की रस्ता वाड्यांमध्ये शिरतो, आणि मग सगळी चिडचिड संपते. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळी, डोक्यावर सावली, आणि वाडीवाडीत रहाटांचं करकरणं. आमच्या इंजिनाचा आवाज ऐकून रहाटाचे बैल थबकत आणि रहाटामागचा माणूस आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. मी दोनदा उतरून माफी मागितली. इस्माईल मागच्या कॅरियरवर उशी बांधून बसला होता, मांडीवर शेठचं घड्याळ लोकरी मफलरमध्ये गुंडाळून.

नागावात आमचा मुक्काम एका वाडीवाल्यांकडे होता. संध्याकाळी त्यांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं उलटं घालून वर जाळ. पौषात या भागात येणाऱ्याने हे खाल्ल्याशिवाय परत जाऊ नये. शेठनी जैन असूनही, त्याच मडक्यात बटाटे होते याकडे दुर्लक्ष करून, शेंगा अशा काही संपवल्या की यजमानांनी दुसरं मडकं लावलं.

रविवारी दुपारी दोनच्या ओहोटीला आम्ही किनाऱ्यावर गेलो. अर्धा मैल दोरीने मोजला, दोन्ही टोकांना बांबू रोवले. पद्धत सोपी आहे: पहिला बांबू ओलांडताच तिथला माणूस (इथे आमचे यजमान) धोतराचा पांढरा पल्ला खाली आपटतो, दुसऱ्या बांबूपाशी घड्याळवाला ते पाहून कळ दाबतो, आणि गाडी त्याच्यासमोरून गेली की पुन्हा दाबतो. मी चांगला पाव मैल मागे गेलो आणि सुटलो.

सुटलो असं म्हणायचं इतकंच. समुद्र जिथे मागे हटायला हवा होता तिथून हटलाच नव्हता. घट्ट ओली वाळू म्हणून जी होती ती जेमतेम हातभर रुंद पट्टी. तिच्यावरून चाक जरा वर गेलं की भुसभुशीत, खाली गेलं की पाणी. मागचं चाक रुतायला लागलं, गाडी शेपूट हलवायला लागली, आणि दुसऱ्या बांबूपाशी पोहोचलो तेव्हा शेठ घड्याळाकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते.

“एकतीस,” ते म्हणाले.

तेवढ्यात सुरूच्या झाडांखालून एक म्हातारा उठून आमच्याकडे आला. इथले लोक त्याला जनाकाका म्हणतात. उभा जन्म याच वाळूवरून नारळाच्या बैलगाड्या हाकल्या आहेत त्याने. त्याने आमचे बांबू पाहिले, मला पाहिलं, आणि विचारलं, “आजचा दिस कोनी काढला?”

“रविवार आहे म्हणून,” मी म्हणालो.

“दर्याला काय रविवारची सुट्टी हाय?” जनाकाका म्हणाला. “आज दशम. भांगाचा पानी हाय. दर्या भरत बी न्हाय नि व्हटत बी न्हाय. तुमाला उधानाची व्हटी पायजे. अवस जाऊ द्या, मंग पाडव्याला, बीजेला सकाळी या. दर्या तवा लांब जातो नि वाळू अशी ऱ्हाते का टाच मारली तर पायाला लागंल.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास समुद्र खूप भरतो आणि खूप ओसरतो, मधल्या दिवसांत आळसावतो, एवढं किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोराला कळतं. आम्ही विलायती मासिकांतून वाळूवरच्या शर्यतींची वर्णनं वाचली होती, टायरमध्ये हवा किती असावी यावर दोन रात्री वाद घातला होता, आणि पंचांग उघडलं नव्हतं. शेठ तर कपाळावर हात मारून हसायलाच लागले. “आखी जिंदगी तिथी बघून चोपडी उघडली, अने दरियावर रविवार बघून आलो!”

मी इस्माईलकडे वळलो. “तू तर मुरुडचा. तुला ठाऊक नव्हतं?”

तो वाळूकडे पाहत होता. “ठाऊक व्हतं, मास्तर. शेठ रविवारी येतो म्हनाले. मी तिथी काढत बसलो असतो तर ते आले असते का? वाटलं, थोडी तरी वाळू गावंल.”

मला त्याचा राग आला आणि लगेच स्वतःचाही आला. गरजू माणसाने दिवस निवडायचा नसतो, मिळेल तो घ्यायचा असतो, हे त्याला लहानपणापासून शिकवलं गेलं होतं आणि मी त्याच्याशी इतके महिने दोस्ती करूनही ते ओळखलं नव्हतं.

शेठना सोमवारी पेढीवर असायलाच हवं होतं. निघताना त्यांनी घड्याळ इस्माईलच्या हातात ठेवलं. “मुरुडला तुझं घर आहे ना? तिथे वाळू आहे ना? बीजेपर्यंत थांबा. टाइम इस्माईलच पकडेल.”

“शेठ, माज्याच हातात घड्याळ?” इस्माईल म्हणाला.

“जो माणूस तीन पिस्टन फुटले ते मला स्वतः सांगतो, तो सेकंद कशाला चोरेल?” असं म्हणून शेठ तीन चाकांवर बसले आणि धूळ उडवत रेवसच्या रस्त्याला लागले. पुढे श्रीवर्धन-हरिहरेश्वर करायचा माझा बेत होता. तो मी तिथेच रद्द केला.

सोमवारी आम्ही चौलमार्गे रेवदंड्याला गेलो. चौलच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून बैलगाडी आली की कुणीतरी एकाने मागे जायचं, आणि बैल मागे जात नाहीत. घाई करू नका; देवळांच्या तळ्याकाठी थांबा, शहाळं प्या. रेवदंड्यात रस्ता जुन्या फिरंगी कोटाच्या भिंतींमधून जातो. भिंतींच्या आत आवाज असा घुमतो की मी एक्झॉस्ट मुद्दाम मोकळा सोडला. पोरकटपणा आहे, कबूल. पण ज्याला एका सिलिंडरचा तो सणसणीत ठोका गोड वाटत नाही त्याने ट्रामने फिरावं.

कोटाखाली खाडी. पलीकडे साळाव, आणि तिथून नवाबाच्या संस्थानची हद्द. गाडी नेण्यासाठी दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकतात. नावाड्याने दोन रुपये मागितले आणि दीडवर आला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि खांद्यावरचं फडकं काढून पुढच्या दिव्यावर घट्ट बांधलं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“घोडा नेतो तवा बांधतो,” तो म्हणाला. “पानी दिसला का बुजतो.”

“अहो, ही बुजणार नाही.”

“तुमची न्हाय बुजनार. माजी होडी बुजंल. आजपत्तूर एकबी जनावर उघड्या डोळ्यांनी न्हेलं न्हाय.” पुढे वाद घालण्यासारखं काही नव्हतं. माझी गाडी डोळे बांधून साळावला उतरली, आणि काठावर लावल्यावर त्यानेच फडकं सोडून तिच्या टाकीवर थाप मारली.

साळाव ते मुरुड हा रस्ता गाडीवाल्यांनी मनाची तयारी करूनच घ्यावा. कोर्लई, काशीद, नांदगाव. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, खाली तांबडा दगड नाहीतर वाळू. तीनदा उतरून ढकलावी लागली. एका चढावर इस्माईल मागून ढकलत होता आणि मी पुढून ओढत होतो, तेव्हा डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई आम्हाला ओलांडून पुढे गेली, वर पोहोचून थांबली आणि म्हणाली, “घेऊ का जरा मोळीवर?” काशीदचा चढ उतरताना मात्र खालचा पांढरा किनारा अचानक समोर येतो आणि ढकलण्याचे सगळे कष्ट विसरायला होतात.

मुरुडात इस्माईलचं घर बाजारामागे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्याचे वडील चाळीस वर्षं गलबतावर तांडेल होते, बसऱ्यापर्यंत गेलेले. आता गुडघे धरल्यामुळे पडवीत बसून जाळी विणतात. मी त्यांना चाचा म्हणू लागलो. आईने तांदळाच्या रोट्या, सुरमईचं कालवण आणि नारळाच्या दुधातलं सांदण असं रोज इतक्या प्रेमाने वाढलं की पाच दिवसांत माझं वजन वाढलं, आणि गाडीला ते परवडणारं नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की इस्माईल काहीतरी ओततो. काय, ते कुणाला समजत नव्हतं. आई मला एकदा हळूच म्हणाली, “मास्तर, त्याची भट्टी व्हईल ना? मंग तो लगीन करील. भट्टीबिगर न्हाय म्हनतो.”

आमची सबंध मोहीम आता त्या माउलीच्या नजरेतून मला दिसायला लागली.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी उजाडता उजाडता किनाऱ्यावर गेलो. जनाकाकाचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. समुद्र इतका लांब गेला होता की लाटांचा आवाजही बारीक वाटत होता, आणि मध्ये वाळूचं सपाट, ओलं, घट्ट मैदान. मी टाच मारली; पायाला लागलं. पहिल्या बांबूपाशी चाचा खुर्ची टाकून बसले, हातात पांढरा पंचा. दुसऱ्यापाशी घड्याळ घेऊन इस्माईल.

मी सुटलो. पहिला बांबू गेला. वारा डोळ्यांत घुसला, हँडल हलकं झालं, आणि इंजिनाचा ठोका एकसलग गुणगुणण्यात बदलला. आणि मग दोन बांबूंच्या मधोमध असलेल्या सुरूच्या झाडासमोर माझ्या डोक्यात तो पिस्टन आला. मिनिटाला हजारो वेळा वरखाली जाणारा, मोडक्या खोक्यांच्या धातूचा, मी कागदावर काढलेला. आत्ता तो फुटला तर मागचं चाक जागच्या जागी अडकणार. हँडलवरची पेट्रोल देणारी मूठ माझ्याकडून आपोआप थोडी मिटली. थोडीच, कुणाला दिसणार नाही इतकी.

“सत्तावीस,” इस्माईल म्हणाला. परत उलट्या दिशेने गेलो, साडेसत्तावीस.

“जेट बदलू,” तो म्हणाला. “पेट्रोल कमी पडत असंल.” पडवीत आल्यावर त्याने बारीक पाना काढायला हत्यारांची पिशवी पालथी केली, आणि फडक्यातला पिस्टन फरशीवर घरंगळला.

त्याने तो उचलला. उलटा करून पाहिला, आतल्या बाजूचा विलायती शिक्का पाहिला, आणि पुन्हा फडक्यात नीट गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, “मास्तर, मदल्या झाडासमोर आल्यावर आवाज उतरला. मला वाटलं जेट. तुमी मूठ मिटली व्हती का?”

खोटं बोलणं सोपं होतं. “मिटली,” मी म्हणालो. “भीती वाटली.”

“माज्या कामाची?”

“तुझ्या कामाची. माझ्या नकाशाची पण.”

जाळं विणता विणता चाचांनी सगळं ऐकलं होतं. ते मान वर न करता म्हणाले, “बेटा, दुसरं शीड मी पन न्यायचो. सगलेच नेतात, त्यात काय गुन्हा? पन मास्तर, आमचं दुसरं शीड डेकवर असायचं, सगल्या खलाशांच्या नजरंसमोर. लपवून कोन नेतो?”

मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की मी तिथून उठून वाळूत जाऊन बसलो. माझगावच्या भट्टीत माझ्या गाडीसाठी तीन पिस्टन फोडणारा हा माणूस, त्याच्या पिस्टनची चाळभर बढाई मारणारा मी, आणि खरी वेळ आली तेव्हा माझी मूठ मिटली. तासाभराने इस्माईल तिथे आला. शेजारी बसून त्याने काटकीने वाळूत पिस्टनचा छेद काढला.

“बघा,” तो म्हणाला. “डोक्याला मी तुमच्या नकशापरमानं जाडी दिलीय. वर अजून एक सूत. तुमाला सांगितलं न्हवतं, वजन वाढलं म्हनून तुमी वराडला असता. हितून फुटनार न्हाय. झिजंल, घासंल, पन फुटनार न्हाय.”

“म्हणजे तू पण लपवलंस!”

“व्हय,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघेही हसलो. फार बरं वाटलं. तो विलायती पिस्टन मी आत जाऊन पडवीतल्या फळीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

रविवारी बीज. साडेसातची ओहोटी, ऊन नुकतं वाळूवर आलेलं, आणि पाहायला अर्धं गाव. चाचांनी पंचा उचलला. मी या वेळी अर्धा मैल मागे गेलो. आदल्या दिवशीचा जेट तसाच होता, हवा तीच, गाडी तीच. पहिल्या बांबूला पंचा खाली आला तेव्हा मूठ पूर्ण उघडी होती, मधलं झाड गेलं तेव्हा उघडी होती, आणि हात मिटायला मागत होता तेव्हाही मी ती उघडीच धरली. भीती कालच्यापेक्षा कमी नव्हती, हे स्पष्ट सांगतो. दुसरा बांबू कधी गेला ते मला कळलंच नाही. लोकांचे उंचावलेले हात मागे पडले तेव्हा लक्षात आलं.

वळून आलो तर इस्माईल घड्याळ दोन्ही हातांत धरून उभा. त्याने ते माझ्यापुढे केलं. मी स्वतः वाकून पाहिलं. तेवीस सेकंद आणि तीन पंचमांश. परतीच्या दिशेने चोवीस आणि चार पंचमांश. म्हणजे चांगल्या दिशेने ताशी शहात्तर मैलांच्या वर, माझगावच्या ओतकामावर, मुरुडच्या वाळूवर! आईने तिथेच किनाऱ्यावर मूठमूठ साखर वाटली आणि कुणीतरी गाडीला नारळाचा हार घालायला निघालं. तो साखळीत अडकेल म्हणून मला हात जोडावे लागले.

पडवीत इंजिन उघडलं. पिस्टन साबूत. फक्त एका बाजूला बोटभर लांबीचा ओरखडा, जिथे गरम होऊन तो सिलिंडरच्या भिंतीला घासला होता. मी म्हणालो, बारीक पॉलिश-कागदाने घासून टाक, शेठना कशाला दाखवायचा? इस्माईलने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय पुन्हा काढला नाही. सोमवारी तोच पिस्टन पुन्हा बसवून निघालो. तीच खाडी, तीच होडी, तेच दिव्यावरचं फडकं, रेवसची संध्याकाळची बोट, आणि मंगळवारी मी वर्गात फुलदाणीची छाया शिकवत होतो.

शाळा सुटल्यावर आम्ही शेठकडे गेलो. इस्माईलने आधी घड्याळ ठेवलं, मग आकडे सांगितले, मग इंजिनातून पुन्हा काढलेला पिस्टन त्यांच्या हातात दिला. शेठनी तो उजेडात फिरवला आणि त्यांचं बोट बरोबर ओरखड्यावर थांबलं.

“आ शुं?”

“माजी चूक, शेठ,” इस्माईल म्हणाला. “खालच्या बाजूला फट केसभर कमी ठेवली. पुढच्यात नसंल.”

शेठनी बराच वेळ तो पिस्टन हातातून खाली ठेवला नाही. मग गल्ल्याच्या मागच्या खुंटीवरून शेडची किल्ली काढून त्याच्यासमोर सरकवली. “ज्याला चूक माहीत आहे, त्यालाच भट्टी देतात,” ते म्हणाले. पिस्टन मात्र परत दिला नाही. गिऱ्हाइकांना दाखवायला हवा म्हणून तो आता त्यांच्या काचेच्या कपाटात आहे, ओरखडा पुढे करून.

जाऊ इच्छिणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच: पेट्रोल अलिबागेत घ्या, चौलात घाई करू नका, आणि निघण्याआधी पंचांग बघा. वेगाबद्दल लोक विचारतात, कसं वाटलं म्हणून. खरं सांगायचं तर त्या तेवीस सेकंदांतलं मला फारसं आठवत नाही. हात मिटायला मागत होता आणि मिटला नाही, तेवढं आठवतं, आणि ते अजून उपयोगी पडतं.

इस्माईलची भट्टी गेल्या आठवड्यात पेटली. शेठची पहिली दोन डझनं झाल्याशिवाय माझ्यासाठी पिस्टन ओतणार नाही, असं त्याने मला तोंडावर सांगितलं. धंदा तो धंदा, म्हणाला. मी ऐकून घेतलं. उसना विलायती पिस्टन मी ज्याचा त्याला परत केला आहे. तेव्हा सध्या माझी गाडी गॅलरीत रिकाम्या पोटाने उभी आहे, मी रोज चालत शाळेत जातो, आणि शेडच्या धुराड्यातून धूर निघताना दिसावा म्हणून मुद्दाम लांबच्या रस्त्याने जातो.